मेणात कोणता नैसर्गिक रंग उतरतो आणि कोणता उतरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीसाठी घरी मेणबत्त्या करायच्या, बाजारातले रंग वापरायचे नाहीत, म्हणून प्रश्नकर्तीने बिटाचा रस आटवला, हळद चाळून घेतली, पालक वाळवून पूड केली आणि हे सगळे वितळलेल्या पॅराफिनमध्ये घातले. बिटाचा रस थेंबाथेंबाने तळाशी जाऊन बसला आणि वात पेटवल्यावर तडतडू लागला, हळदीची मेणबत्ती दहा मिनिटांत मिणमिणून विझली, आणि पालकाची मेणबत्ती दोन दिवसांत शेवाळी दिसू लागली. तीस मेणबत्त्या वाया गेल्या. आता त्यांचे विचारणे असे आहे की, प्रमाण चुकले का, आणि पॅराफिनऐवजी मधमाशांचे मेण घेतले तर हेच रंग जमतील का.

ताई, तुमचे प्रमाण चुकलेले नाही, आणि रंग काढण्याची पद्धतही वाईट नाही. तो बिटाचा अर्क एखाद्या बर्फीत घातला असता तर सुंदर गुलाबी रंग आला असता. अडचण अशी आहे की मेण तेलाच्या कुळातले आहे आणि बिटाचा रंग पाण्याच्या कुळातला. फोडणीच्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यावर जे होते तेच तुमच्या पातेल्यात झाले. त्यामुळे ‘घरी रंग कसा करावा’ हा प्रश्न थोडा बदलून ‘जो रंग तेलात विरघळतो तो कुठून मिळवावा’ असा विचारला पाहिजे. त्याच्याच जोडीने दुसरा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत: ही वस्तू पेटवायची आहे की नुसती ठेवायची आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पुढचे बरेचसे आपोआप ठरते.

मी कोथरूडला घरीच गेली वीस-बावीस वर्षे मेणाचे काम करते, आणि सुरुवात तुमच्यासारखीच केली होती. माझ्या पहिल्या मोठ्या मागणीत साठ मेणाच्या पणत्या होत्या. हळद वस्त्रगाळ करून घातली म्हणजे ती वातीला त्रास देणार नाही, अशी माझी खात्री होती. पणत्या दिसायला देखण्या झाल्या आणि ज्यांच्या घरी गेल्या त्यांच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एकामागून एक विझल्या. त्याचे कारण वातीच्या कामात आहे. सुताची वात स्वतः फारशी जळत नाही. ती वितळलेले मेण धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर खेचते, आणि त्या मेणाची वाफ ज्योतीत जळते. हळदीत प्रत्यक्ष रंगाचा भाग, म्हणजे कर्क्युमिन, शेकडा तीन-चारच्या आसपास असतो. उरलेला बहुतेक पिठूळ आणि तंतुमय भाग मेणात कधीच विरघळत नाही. तो मेणाबरोबर वर ओढला जातो, फटींत अडकतो, वातीच्या टोकाशी करपतो आणि मेणाचा पुरवठा बंद पाडतो. पूड कितीही बारीक केली तरी ती पूडच राहते. विरघळणे आणि मिसळणे यांतला फरक मला त्या साठ पणत्यांनी शिकवला.

म्हणून कोणतीही नवी वस्तू हाती आली की मी प्रथम तिची वाटीत परीक्षा घेते. स्टीलच्या वाटीत दोन चमचे खोबरेल तेल घ्यावे, वाटी गरम पाण्यात ठेवावी, तिच्यात वस्तूची चिमूटभर कोरडी पूड टाकावी आणि पंधरा मिनिटे अधूनमधून ढवळावे. मग ते तेल दुहेरी मलमलीतून किंवा कॉफीच्या गाळणकागदातून गाळावे. गाळलेले तेल रंगीत आणि काचेसारखे स्वच्छ असेल तर तो रंग मेणबत्तीत चालेल. तेल पुन्हा पांढरे आणि सगळा रंग फडक्यात, असे झाले तर तो चालणार नाही. या परीक्षेत बीट, जास्वंद, गोकर्ण, कोकम, कात आणि होळीला आपण भिजवतो ती पळसाची फुले, सगळी नापास होतात, कारण यांचे रंग पाण्यात उतरणारे आहेत. निसर्गातले सर्वांत मोहक गुलाबी आणि निळे रंग नेमके याच गटात असावेत, हे आपले दुर्दैव.

पास होणाऱ्यांत माझ्या मते पहिला मान रतनजोतीचा. रोगन जोशला जो लाल तवंग असतो तो परंपरेने याच मुळीचा. मंडईच्या परिसरातल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ती मिळते. गडद जांभळट, पापुद्र्यासारखी साल असते आणि नुसती हाताळली तरी बोटांना रंग लागतो. मागताना ‘मसाल्यातली, तेलाला रंग देणारी रतनजोतीची मुळी’ असे स्पष्ट सांगावे, कारण आपल्याकडे मोगली एरंडालाही रतनज्योत म्हणतात, आणि त्याच्या बिया विषारी असतात. या मुळीतला रंग पाण्यात जवळपास उतरत नाही आणि कोमट तेलात मात्र पाहता पाहता उतरतो. आम्लाच्या संगतीत तो लाल राहतो आणि अल्काच्या, म्हणजे सोड्यासारख्या वस्तूच्या, संगतीत जांभळा-निळा होतो. म्हणूनच साबण करणाऱ्यांना याच मुळीपासून जांभळा साबण मिळतो आणि आपल्याला मेणात वाइनसारखा लाल मिळतो. प्रमाण कमी ठेवले तर गुलाबी छटा येते. तुम्हाला बिटापासून जे हवे होते, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू हीच.

पिवळ्यासाठी हळद पूर्ण टाकून देऊ नका, पण तिच्या आधी झेंडूकडे वळा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावरची तोरणे आणि वाहनांवरचे हार उतरतात, आणि तिथून दिवाळीपर्यंत साधारण वीस दिवस हातात असतात. पाकळ्या देठापासून सोडवून सावलीत कडकडीत वाळवल्या की त्या वेळेत रंग तयार होतो. झेंडूचा पिवळा-केशरी रंग तेलात विरघळणारा आहे आणि माझ्या अनुभवात तो हळदीपेक्षा उजेडात अधिक दिवस टिकतो. मात्र हार पावसात भिजलेले असतील किंवा त्यांवर गुलाल, पाणी, काही शिंपडलेले असेल तर ती फुले घेऊ नयेत.

याहून जोरकस केशरी हवा असेल तर शेंद्रीच्या बिया, ज्यांचा रंग लोण्याला आणि चीजला देतात. शेंद्री हे नाव आपल्याकडे दोन वेगळ्या झाडांना लावले जाते. मला अभिप्रेत आहे ती काटेरी बोंडातली, तांबड्या बियांची. गाजराचा कीस वाळवूनही केशरी येतो, पण अगदी फिका. एक किलो गाजरांचा उपद्व्याप केल्यावर मी तो नाद सोडला. काश्मिरी मिरचीचा रंग तेलात उत्तम उतरतो, पण तिच्याबरोबर तिखटपणाही उतरतो, आणि ती मेणबत्ती बंद खोलीत पेटवली की घरभर ठसका लागतो. हे ऐकीव नाही.

हिरवा रंग सर्वांत लहरी. पालक, शेवगा, कढीपत्ता यांतले हरितद्रव्य तेलात विरघळते, त्यामुळे तुमची निवड तत्त्वतः बरोबर होती. पण हरितद्रव्याच्या कणात मध्यभागी मॅग्नेशियम असते, आणि उष्णता व आम्ल यांच्या संगतीत ते सुटून गेले की हिरवा रंग शेवाळी होतो. पालकाची भाजी झाकण ठेवून फार वेळ शिजवली की तिचे जे होते तेच. त्यात उजेडही त्याचा शत्रू आहे. म्हणून हिरवा काढताना तापमान ७० अंशांच्या आसपास ठेवावे, वेळ अर्ध्या तासाहून वाढवू नये, त्यात स्टिअरिक (मेणाला टणक करणारे आम्ल, त्याबद्दल पुढे सांगते) घालू नये, आणि मुळातच शेवाळी-मेंदी छटा येणार हे मान्य करून त्या छटेचीच मेणबत्ती योजावी. कढीपत्त्याची मेणबत्ती विझवल्यावर स्वयंपाकघरात फोडणी दिल्याचा भास होतो. कोणाला तो आवडतो, कोणाला नाही.

निळ्याबद्दल स्पष्टच सांगते. पेटवायच्या मेणबत्तीत मनासारखा नैसर्गिक निळा घरच्या घरी मला आजवर आणता आलेला नाही. खरी नीळ पाण्यातही विरघळत नाही आणि मेणातही नाही. ती कणरूपानेच राहते. पांढऱ्या कपड्यांना देण्याची नीळ ही वेगळीच वस्तू आहे, आणि केसांसाठी ‘इंडिगो पावडर’ म्हणून मिळते तो बहुधा पानांचा चुरा असतो. या तिन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, म्हणून सांगून ठेवले.

आता काढण्याची कृती. मेणात थेट मुळ्या किंवा पाकळ्या टाकण्यापेक्षा मी आधी दाट रंगाची वडी करते आणि लागेल तशी ती साध्या मेणात वितळवते. पॅराफिनसाठी ही वडी स्टिअरिक ॲसिडमध्ये करावी. ते पांढऱ्या पापुद्र्यांच्या किंवा दाण्यांच्या रूपात मेणाच्या दुकानातच मिळते, ६९ अंशांना वितळते आणि मेणबत्तीला टणकपणा व अपारदर्शकपणा देते, म्हणून पॅराफिनमध्ये ते शेकडा पाच ते दहा घालतातच. पॅराफिन अगदी कोरड्या स्वभावाचे असल्याने अनेक वनस्पतिज रंग त्यात अनिच्छेने उतरतात. स्टिअरिकमध्ये ते जास्त मोकळेपणाने उतरतात आणि त्याच्या हाताला धरून पॅराफिनमध्ये जातात. ५० ग्रॅम स्टिअरिकला १० ग्रॅम रतनजोत हे माझे नेहमीचे प्रमाण आहे. मुळी हातानेच जाडसर मोडावी, पूड करू नये, कारण पूड फडक्यातून निसटते. ती दुहेरी मलमलीच्या पुरचुंडीत सैल बांधावी, स्टीलच्या भांड्यात वितळलेल्या स्टिअरिकमध्ये सोडावी आणि ते भांडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून ७५ ते ८० अंशांवर एक ते दीड तास राहू द्यावे. लोखंडी कढईत किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात या रंगाची छटा बदलते, म्हणून स्टीलच घ्यावे. शेवटी दोन चमच्यांमध्ये पुरचुंडी दाबून निथळावी, रस पुन्हा एकदा कोरड्या फडक्यातून गाळावा आणि सिलिकॉनच्या साच्यात वड्या पाडाव्यात. एवढ्याला साधारण ४५० ग्रॅम पॅराफिन घेतले की मध्यम गडद लाल येतो. फडक्यात थोडे स्टिअरिक अडकून राहतेच, ते हिशेबात धरू नये.

झेंडूसाठी हीच कृती, फक्त पाकळ्या हलक्या असल्याने एका वेळी फार मावत नाहीत. एकदा निथळलेल्या त्याच स्टिअरिकमध्ये पाकळ्यांची दुसरी पुरचुंडी सोडावी. हळदीसाठीही हीच, आणि तिथे गाळणे तीनदा. भांडे रात्रभर तसेच निवू दिले की राहिलेला बारीक गाळ तळाशी बसतो आणि वडीचा तेवढा भाग सुरीने खरवडून टाकता येतो. तेलात रंग काढून ते तेल मेणात घालण्याचा सोपा मार्गही आहे, पण खोबरेल शेकडा चार-पाचच्या वर गेले की मेणबत्ती मऊ पडते, आणि पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ती उभी राहत नाही, कंबरेत वाकते. पेल्यातल्या मेणबत्तीला मात्र तेलाचे वावडे नाही.

सगळी सामग्री पूर्ण कोरडी हवी, याचा मी दोनदा उल्लेख केला तरी कमीच आहे. ओलसर पाकळीतले पाणी गरम मेणात तळाशी जाते, त्याची वाफ होते आणि मेण अंगावर उडते. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे वरून वाळलेली वाटणारी फुलेसुद्धा आतून दमट असतात. मी ती वापरण्यापूर्वी गरम करून बंद केलेल्या ओव्हनमध्ये तासभर ठेवते.

मधमाशांच्या मेणाबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. बिटासाठी काहीही फरक पडणार नाही. तेही मेणच आहे आणि पाण्याला तितकेच परके. रतनजोत, झेंडू, हळद यांसाठी फरक पडतो, कारण हे मेण आणि सोयाचे मेण हे रंग पॅराफिनपेक्षा सहज स्वीकारतात आणि वेगळे स्टिअरिक लागत नाही. पण मधमाशांचे मेण मुळात पिवळे असते. त्यावर रतनजोतीचा लाल पडला की विटकरी होतो, आणि गुलाबी तर निघतच नाही. पिवळा, केशरी, तपकिरी यांसाठी ते अप्रतिम आहे. ते ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात चांगले टिकते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि महाबळेश्वरचा मधाचा पट्टाही फार लांब नाही, त्यामुळे मधमाशीपालकांकडून थेट मेण मिळवणे आपल्याला तुलनेने सोपे जाते. विकत घेताना वास पाहावा आणि तुकडा बोटांत मळून पाहावा. खरे मेण उबेने लवचिक होते आणि मधाचा मंद वास देते, तर भरपूर पॅराफिन मिसळलेले असेल तर तो वास बोथट लागतो. ही परीक्षा शंभर टक्के खात्रीची नाही, पण उपयोगाची आहे.

कोणत्याही मेणात पातेल्यातला रंग पाहून फसू नये. पातळ मेण पारदर्शक असते म्हणून रंग गडद दिसतो. गोठताना त्यात स्फटिक तयार होतात, ते उजेड विखुरतात आणि तोच रंग दोन-तीन पायऱ्या फिका होतो. पांढऱ्या बशीवर एक थेंब टाकून तो पूर्ण गोठू द्यावा आणि मगच वडी वाढवायची की नाही ते ठरवावे.

जे रंग विरघळत नाहीत त्यांना फेकून देण्याचे कारण नाही, फक्त त्यांना वातीपासून दूर ठेवावे. इथे मी सुरुवातीला काढलेला दुसरा प्रश्न कामाला येतो. जी वस्तू पेटणार नाही, म्हणजे कपाटात टांगायच्या सुवासिक मेणाच्या वड्या, मेणाची फुले, मुलांचे खडू, पाकिटावरचे शिक्के, तिच्यात गेरू, कोको, नीळ, दिव्यावर धरलेली काजळी, सारे चालते. काजळी विशेष सांगण्यासारखी आहे: चिमटीच्या चिमटीएवढी काजळी पाव किलो मेणाला पुरेसा करडा रंग देते, आणि ती इतकी सूक्ष्म असते की लवकर खाली बसत नाही. बाकीच्या पुडी बसतात, म्हणून मेण ओतण्याजोगे झाले की ते साय धरेपर्यंत थांबावे, तेव्हा जोराने ढवळावे आणि लगेच साच्यात ओतावे.

पाण्यातल्या रंगालाही पुडीच्या रूपात आणता येते, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत आवडतो. कापड रंगवणारे ज्या तुरटीने रंग धाग्यावर पक्का करतात, तिच्याच मदतीने तो पाण्यातून बाहेरही काढता येतो. मंजिष्ठेच्या मुळ्या रात्रभर भिजवून मंद आचेवर काढा करावा, गाळावा, त्यात तुरटी गरम पाण्यात विरघळवून घालावी, आणि मग धुण्याच्या सोड्याचे पाणी थोडे थोडे करून सोडावे. मिश्रण जोरात फसफसते, म्हणून भांडे निम्मेच भरलेले असावे. तुरटीच्या निम्मा सोडा हा अंदाज धरून चालावे. नक्की आकडा काढ्यावर अवलंबून असतो, त्यामुळे फसफस थांबली की हात आवरावा. तुरटीतले ॲल्युमिनियम रंगाला धरून घट्ट साका बनते आणि तळाशी बसते. वरचे पाणी दोन-तीन वेळा बदलून धुतल्यावर तो साका फडक्यात टांगून चक्क्यासारखा निथळावा, ताटावर पसरून वाळवावा आणि खलात घोटावा. मंजिष्ठेपासून गुलाबी ते विटकरी अशी पूड मिळते. मधमाशांच्या मेणात ती घालून माझ्या भाचरांसाठी मी केलेले खडू तीन वर्षे झाली तरी रंगाने तसेच आहेत. बिटावर हाच प्रयोग केला तर पूड मिळते, पण तिचा रंग काही आठवड्यांत मातकट होतो. बीट हा रंग मुळातच नाजूक आहे.

अशी पूड पेटवायच्या मेणबत्तीत वापरायचीच असेल तर एक तोडगा आहे. सहा-सात सेंटिमीटर जाडीची मेणबत्ती साध्या पांढऱ्या मेणाची करावी, आणि तयार झाल्यावर ती ७० अंशांच्या आसपासच्या रंगीत मेणात तीन-चार सेकंद बुडवून काढावी. प्रत्येक वेळी निवू देत पाच-सहा वेळा बुडवली की बाहेरून रंगाचा एक कवचासारखा थर चढतो. वात मधले पांढरे मेण पीत राहते आणि जाड मेणबत्तीची बाहेरची भिंत बराच काळ उभी राहते, त्यामुळे पूड वातीपर्यंत फारशी पोहोचत नाही. बारीक मेणबत्तीला हा उपाय लागू नाही. ती पूर्णच वितळते.

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज मात्र मेणाच्या कामात फार महाग पडू शकतो. शेंदूर नैसर्गिक वाटतो, पण पारंपरिक शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. हिंगूळ पाऱ्याचे. पोथ्या लिहिणारे चुकलेल्या अक्षरांवर जो हरताळ फासत आणि ज्यावरून आपला वाक्प्रचार आला, तो आर्सेनिकचा. जुन्या युरोपात शिक्क्यांच्या लाल मेणासाठी हिंगूळ आणि हिरव्यासाठी तांब्याचा जंगाल सर्रास वापरत. तो काळ आपण सोडून दिला ते बरेच झाले. पूजेच्या दुकानातला कोणताही रंगीत चुरा, कुंकू धरून, मेणबत्तीत घालू नये. त्यात नेमके काय आहे हे पुडीवरून कळत नाही, आणि मेणबत्तीचा धूर आपण श्वासात घेतो.

टिकण्याबद्दल अपेक्षा आधीच ठरवून घ्यावी. हळदीचा पिवळा थेट उन्हात काही दिवसांतच उडतो, हिरवाही त्याच वाटेने जातो, झेंडू आणि शेंद्री त्यामानाने दम धरतात, आणि रतनजोत सावलीत ठेवली तर मला समाधान देते. स्वतःची खात्री करायची असेल तर रंगीत मेणाची पातळ चकती करून तिच्या अर्ध्या भागावर ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी आणि ती खिडकीत ठेवावी. आठवड्याने फॉइल काढल्यावर दोन अर्धांमधला फरक बोलतो. ज्यांना विक्रीसाठी काचेच्या कपाटात महिनोन्महिने मेणबत्त्या मांडायच्या आहेत त्यांना मी वनस्पतिज रंगांचा आग्रह करत नाही. तुम्ही दिवाळीसाठी करत आहात. आठ दिवस आधी कराव्यात, खोक्यात ठेवाव्यात आणि भाऊबीजेपर्यंत पेटवून संपवाव्यात, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

सुरक्षिततेचे थोडक्यात: मेण कधीही थेट आचेवर ठेवू नये, पाण्याच्या पातेल्यातच ठेवावे, कारण तिथे ते शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही आणि पॅराफिन पेट घेण्याजोगे तापते ते साधारण २०० अंशांच्या आसपास. खालचे पाणी आटू देऊ नये. चुकून पेटलेच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे. उरलेले मेण मोरीत ओतू नये, ते नळीत गोठते. आणि दीड तास पुरचुंडी मुरत असताना स्वयंपाकघर सोडून जाऊ नये.

राहिल्या तुमच्या तीस मेणबत्त्या. त्या फेकू नका. वाती ओढून काढा, बिटाच्या वेगळ्या आणि हळद-पालकाच्या वेगळ्या करा, पाण्याच्या पातेल्यात वितळवा आणि न ढवळता भांड्यातच गोठू द्या. बिटाच्या भांड्यात रसाचे पाणी मेणाखाली जमा होईल. गोठलेल्या मेणाची थापी उलटी करून ते पुसा, तळ खरवडा, आणि वरचे मेण जवळजवळ पांढरे परत मिळेल. ते पुन्हा वापरण्यापूर्वी एकदा वितळवून दहा-पंधरा मिनिटे तसेच गरम ठेवा, म्हणजे राहिलेला ओलावा निघून जाईल. तडतड थांबली की मेण कोरडे झाले असे समजावे. हळदीची थापीही अशीच तळातून खरवडा आणि उरलेले मेण वितळवून तिहेरी फडक्यातून गाळा. त्यात जो फिका पिवळा राहील तो विरघळलेला, म्हणजे कामाचा रंग असेल. त्यातच झेंडूची एक वडी घातलीत तर या दिवाळीचा पिवळा तुमच्याकडे तयार आहे. पालकाच्या मेणाची शेवाळी छटा तशीच राहील, तिचा उपयोग पेल्यातल्या मेणबत्तीसाठी करता येईल. आणि निथळून उरलेल्या मेणकट पुरचुंड्या, रतनजोतीच्या असोत वा पाकळ्यांच्या, कोरड्या डब्यात साठवून ठेवा. गावाकडे ज्यांच्या घरी अजून पाण्याचा बंब पेटतो, त्यांच्याकडे त्यांना चांगलीच मागणी असते.